आरा थांबल्यावर

शनिवारी सॉमिलचे आरे थांबतात आणि तिथल्या मेकॅनिकांचा आठवड्यातला सर्वांत मोठा दिवस सुरू होतो. पाच दिवस ज्या यंत्राला क्षणाची उसंत नव्हती, त्याची झाकणं आता उघडतात. साखळ्या उतरतात, बेअरिंग निघतात, पट्टे बदलले जातात आणि आठवडाभर वहीत लिहून ठेवलेल्या तक्रारी एकेक करून खोडल्या जातात. सोमवारी सकाळची पाळी येईल तेव्हा पहिला ओंडका वेळेवर आत गेलाच पाहिजे. या दिवसात सर्वांत जास्त शिकतो तो शिकाऊ मेकॅनिक, कारण बाकीचे पाच दिवस यंत्राचं जे पोट त्याला नुसतं ऐकू येतं, ते त्याला आज डोळ्यांनी पाहता येतं.

हे प्रकरण ज्या सॉमिलबद्दल आहे, त्या कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या आहेत. प्रिन्स जॉर्ज, क्वेनेल, व्हँडरहूफ, बर्न्स लेक ही पठारावरची गावं पाईन, स्प्रूस आणि फर या झाडांवर जगली. हिवाळ्यात पारा शून्याखाली तीस अंशांवर जातो, ओंडके दगडासारखे गोठतात, हायड्रॉलिक तेल घट्ट होतं, आणि तरीही गिरणी दोन पाळ्यांत चालते. तिसऱ्या, रात्रीच्या पाळीत साफसफाई आणि दुरुस्ती. इथे यंत्रांची देखभाल करणाऱ्या कारागिराला मिलराइट म्हणतात. सरकारी कागदांवर तो ‘इंडस्ट्रियल मेकॅनिक’. आपल्याकडच्या कारखान्यातला मेंटेनन्स फिटर हा त्याचा सर्वांत जवळचा भाऊ.

आधी गिरणी आतून पाहू. ओंडका साखळीवरून आत येतो आणि पहिल्यांदा साल सोलणाऱ्या यंत्रात शिरतो. एक मोठं पोलादी कडं ओंडक्याभोवती गरगर फिरतं, त्याच्या आतल्या बोथट पात्या लाकडावर दाबल्या जातात आणि साल सुटून खाली पडते. मग स्कॅनरखालून जाताना त्याचा आकार मोजला जातो, आणि या ओंडक्यातून कोणत्या मापाच्या किती फळ्या काढल्या तर सर्वांत कमी लाकूड वाया जाईल, हे संगणक निमिषात ठरवतो. पुढचं यंत्र गोल ओंडक्याच्या बाजू तासून त्या सपाट करतं. निघणारे तुकडे वाया जात नाहीत, चिप्स म्हणून कागदाच्या लगद्याच्या कारखान्यात जातात. मग पट्टी आरा किंवा एकाच शाफ्टवर ओळीने बसवलेल्या गोल करवती त्याच्या फळ्या करतात. त्यानंतर कडा कापणं, टोकं कापणं, मापाप्रमाणे वेगळं करणं, थप्प्या लावणं, भट्टीत वाळवणं आणि शेवटी रंधा. बाजारात ज्याला ‘दोन बाय चार’ म्हणतात ती फळी रंधा मारून बाहेर येते तेव्हा प्रत्यक्षात दीड इंच बाय साडेतीन इंच, म्हणजे ३८ बाय ८९ मिलिमीटर असते. उत्तर अमेरिकेतली लाकडी घरं याच मापांवर उभी आहेत.

हे सगळं एकमेकांना जोडलेलं आहे ते कन्व्हेयरनी: साखळ्या, पट्टे, रोलर. ओंडक्यापासून थप्पीपर्यंत कुठेही एक दुवा तुटला की मागचं सगळं तुंबतं आणि पुढचं सगळं रिकामं होतं. पट्टी आऱ्याचं पातं मिनिटाला सुमारे दहा हजार फूट वेगाने धावतं, म्हणजे ताशी १८० किलोमीटरच्या आसपास. पण गिरणी बंद पाडायला आराच बिघडावा लागत नाही. तळघरातल्या भुसा वाहून नेणाऱ्या साखळीची एक पिन झिजून निघाली तरी दहा मिनिटांत वरचं काम थांबतं. शिकाऊ मेकॅनिकचे पहिले महिने बहुतेक याच तळघरात जातात आणि मला ते योग्य वाटतं. वरची झगमगती यंत्रं समजायला सोपी असतात. गिरणीचा खरा नकाशा खाली, भुशात उभं राहिल्यावर कळतो.

या शिक्षणाची रचना नीट पाहण्यासारखी आहे. शिकाऊ उमेदवार म्हणून तुम्ही आधी नोकरीला लागता. मालक तुमचा पुरस्कर्ता म्हणून नोंदणी करतो. ब्रिटिश कोलंबियात ही नोंद ‘स्किल्डट्रेड्सबीसी’ या संस्थेकडे होते. साधारण चार वर्षांची उमेदवारी, चार टप्पे. दर टप्प्यात काही आठवडे तंत्रशाळेत जायचं, बर्नाबीच्या बीसीआयटीमध्ये किंवा प्रिन्स जॉर्जच्या कॉलेज ऑफ न्यू कॅलेडोनियात. बाकी सगळा काळ गिरणीत, पक्क्या कारागिराच्या हाताखाली. पगार पक्क्या कारागिराच्या पगाराच्या ठरावीक टक्क्यांत मिळतो आणि टप्प्यागणिक वाढतो. शाळेच्या आठवड्यांत बेकारी विम्यातून भत्ता मिळण्याची सोय आहे. शेवटी ‘रेड सील’ ही परीक्षा. बहुपर्यायी प्रश्न, उत्तीर्ण व्हायला ७० टक्के, आणि एकदा शिक्का मिळाला की तो कॅनडाच्या सगळ्या प्रांतांत चालतो. परीक्षेबद्दल एवढं पुरे. परीक्षेत जे विचारता येत नाही, तेच या धंद्यात जास्त आहे.

त्यातली पहिली गोष्ट म्हणजे कुलूप.

नव्या मुलाच्या हाती पान्यांच्या आधी कुलूप येतं. त्यावर त्याचं नाव असतं आणि त्याची चावी फक्त त्याच्या खिशात. यंत्राला हात लावण्यापूर्वी त्याची वीज मुख्य स्विचवर तोडायची, तो स्विच बंद अवस्थेत अडकवायचा आणि त्यावर आपलं कुलूप घालायचं. चार माणसं त्या यंत्रावर काम करणार असतील तर चार कुलपं. मोठ्या बंदच्या दिवशी सगळ्या स्विचांच्या चाव्या एका पेटीत ठेवतात आणि पेटीला प्रत्येकजण स्वतःचं कुलूप लावतो. शेवटचा माणूस आपलं कुलूप काढेपर्यंत पेटी उघडत नाही, म्हणून यंत्र सुरू होत नाही. दुसऱ्याचं कुलूप काढायचा अधिकार सहकाऱ्याला नसतो. कोणी कुलूप विसरून घरी गेला तर ते काढण्यासाठी वेगळी, लेखी पद्धत पाळावी लागते. प्रांताच्या कामगार सुरक्षा नियमावलीचा दहावा भाग संपूर्णपणे याच विषयाला वाहिलेला आहे.

पण कुलूप घालून काम संपत नाही. कुलूप घातल्यावर स्टार्टचं बटण दाबून पाहायचं. यंत्र हललं नाही, तरच ते बंद आहे असं मानायचं. ही सवय इतकी अंगात भिनवली जाते की पंचवीस वर्षं काम केलेला माणूसही बटण दाबल्याशिवाय आत हात घालत नाही. चुकीच्या स्विचला कुलूप लावणं ही सहज होणारी चूक आहे. एकमेकांशेजारी तीस स्विच असतात, जुन्या पाट्या पुसट झालेल्या असतात, आणि मागच्या वर्षी कुणीतरी तारा बदललेल्या असू शकतात. बटण दाबायला दोन सेकंद लागतात.

वीज तोडली म्हणजे यंत्र निर्जीव झालं, हा समज शिकाऊ मुलाच्या डोक्यातून काढायला उस्तादाला सर्वांत जास्त कष्ट पडतात. हायड्रॉलिक यंत्रणेत नायट्रोजन भरलेल्या टाक्या असतात. पंप बंद झाल्यावरही त्या तेलाला दाबाखाली ठेवतात. हवेच्या सिलिंडरमध्ये हवा कोंडलेली असते. वर उचललेला जड रोलर गुरुत्वाकर्षणाने खाली यायची वाट पाहत असतो. ताणलेली स्प्रिंग, अडकलेल्या ओंडक्याने ओढून धरलेली साखळी, वीज तोडल्यावरही बराच वेळ फिरत राहणारी आऱ्याची प्रचंड चाकं, या सगळ्यांत शक्ती साठलेली आहे. ती एकेक शोधायची, सोडायची, नाहीतर टेकू देऊन अडवायची. अडकलेला ओंडका काढताना साखळी अचानक सुटून झालेले अपघात लाकूड उद्योगात सर्वत्र आहेत. हायड्रॉलिकच्या नळीला सुईच्या टोकाएवढं भोक पडलं तर तिथे कधीही हात फिरवायचा नाही. तेलाची धार कातडीतून आत शिरते, बाहेर दिसतो फक्त लाल ठिपका, आणि काही तासांत हात गमावायची पाळी येऊ शकते. गळती शोधायला पुठ्ठ्याचा तुकडा वापरतात.

म्हणून मी या धंद्याकडे असं पाहतो: दुरुस्ती हे मिलराइटचं दुसरं कौशल्य आहे. यंत्र पूर्णपणे शांत करता येणं हे पहिलं. ज्याला यंत्रात कुठे कुठे शक्ती दडली आहे हे सांगता येतं, त्याला ते यंत्र समजलं आहे. ज्याला सांगता येत नाही, त्याला ते उघडता येत असलं तरी समजलेलं नाही. कुलूप घालायच्या आधी यंत्राभोवती एक फेरी मारून ‘इथे काय काय साठलंय सांग’ असं उस्ताद विचारतो, तेव्हा तो खरं तर पूर्ण यंत्रशास्त्राची तोंडी परीक्षा घेत असतो.

आता एक काम जवळून पाहू: बेअरिंग बदलणं.

फीड रोलरच्या टोकाला, प्लमर ब्लॉकमध्ये, एक गोलाकार रोलर बेअरिंग आहे. क्रमांक २२२२०. क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे पाचने गुणले की भोकाचा व्यास मिळतो: वीस गुणिले पाच, १०० मिलिमीटर. शाफ्ट मात्र ९० चा आहे, कारण मध्ये निमुळतं स्लीव्ह येतं. बेअरिंग त्या निमुळत्या स्लीव्हवर नटाने वर वर ढकलत न्यायचं, तसं आतलं कडं किंचित फुगतं आणि रोलर व बाहेरचं कडं यांच्यातली फट कमी होते. सगळी कला या फटीत आहे. बसवण्याआधी फिलर गेजच्या पातळ पात्या सरकवून फट मोजायची, आकडा लिहून ठेवायचा, मग नट आवळायचा, थांबायचं, पुन्हा मोजायचं. या मापाच्या बेअरिंगमध्ये फट मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढी कमी व्हायला हवी. याहून कमी आवळलं तर स्लीव्ह शाफ्टवर घसरतं आणि शाफ्ट खातं. जास्त आवळलं तर गरम झाल्यावर रोलरांना जागाच उरत नाही आणि नवं कोरं बेअरिंग काही तासांत जळतं.

हातात दीड मीटर लांबीचा पाना, वर तेल आणि भुसा, आणि लक्ष केसाच्या जाडीहून कमी असलेल्या मापावर. शिकाऊ मुलाला पहिल्यांदा हे विचित्र वाटतं. मग त्याला गेजच्या पातीचा ‘घास’ कळायला लागतो: पाती सरकते पण किंचित अडखळते, तेव्हा माप बरोबर. हे पुस्तकात लिहिता येतं, पण बोटांना कळावं लागतं. शेवटी लॉकवॉशरची एक जीभ नटाच्या खाचेत वाकवायची. ती वाकवायला विसरलेलं बेअरिंग महिन्याभराने सैल होतं आणि तोवर कोणी बसवलं होतं हेही कुणाला आठवत नाही.

या बेअरिंगमागे एक गोष्ट आहे आणि ती गिरणीतलीच आहे. स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या एका कापड गिरणीत स्वेन विंगक्विस्ट हा तरुण इंजिनिअर देखभालीचं काम पाहायचा. गिरणीखालची जमीन चिकणमातीची. ती खचली, सरकली की छताजवळचे लांब शाफ्ट वाकडे व्हायचे आणि बेअरिंग फुटायची. शाफ्ट सरळ ठेवणं अशक्य असेल तर वाकडेपणा सहन करणारं बेअरिंग बनवावं, असा विचार करून त्याने आपोआप जुळवून घेणारं बॉल बेअरिंग घडवलं आणि १९०७ साली एसकेएफ ही कंपनी निघाली. १९१९ मध्ये तिथल्याच आर्व्हिड पामग्रेनने त्याचं रोलर रूप तयार केलं. आज सॉमिलमध्ये, जिथे ओंडके आदळून सगळं सतत हादरत असतं, हेच बेअरिंग सर्वत्र दिसतं. पुण्याजवळ चिंचवडला या कंपनीचा जुना कारखाना आहे, म्हणजे ही विद्या आपल्या कामगारांना अनोळखी नाही. देखभाल करणाऱ्या माणसाच्या वैतागातून निघालेला हा शोध आहे. असे शोध जास्त सांगितले जायला हवेत.

साखळीचंही असंच. ‘साखळी ताणली गेली’ असं सगळे म्हणतात, पण पोलाद ताणलं जात नाही. प्रत्येक सांध्यातली पिन आणि बुश झिजतात, प्रत्येक सांध्यात थोडी ढील येते आणि शंभर सांध्यांची ढील मिळून साखळी लांब होते. लांबी दोन-तीन टक्क्यांनी वाढली की ती दात्यांवर चढू लागते. मग नवी साखळी घालायची आणि बहुधा दातेरी चाकंही बदलायची, कारण झिजलेल्या दात्यांवर नवी साखळी घातली तर ती जुन्या मापाशी जुळवून घेता घेता झिजते. खर्च वाचवायला चाकं तशीच ठेवणारा व्यवस्थापक आणि ती बदला म्हणणारा मिलराइट, यांच्यातला वाद प्रत्येक गिरणीत होतो. सहसा मिलराइटचं म्हणणं बरोबर असतं.

दुसरा जुना वाद मिलराइट आणि करवतीला धार लावणारा फायलर यांच्यातला. फायलर हा वेगळा धंदा आहे, त्याची खोली वेगळी, त्याची उमेदवारीही वेगळी. गोल करवती आता इतक्या पातळ असतात की स्वतःच्या बळावर त्या सरळ राहू शकत नाहीत. दोन्ही बाजूंनी मऊ मिश्रधातूच्या गाद्या त्यांना अगदी जवळून आधार देतात, मध्ये पाणी आणि तेलाचा पातळ थर. या धातूला बॅबिट म्हणतात. अमेरिकेतल्या आयझॅक बॅबिटने तो १८३९ मध्ये बेअरिंगसाठी काढला, कथील, अँटिमनी आणि तांबं मिळून. आता फळी एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला बारीक निघाली. दोष कुणाचा? करवत वाकली की लाकूड धरणारे रोलर झिजले? फायलर रोलरकडे बोट दाखवतो, मिलराइट करवतीकडे. उत्तर सापडतं ते मोजमापाने. सलग फळ्यांची जाडी अनेक जागी मोजायची आणि चूक एकाच फळीत वरखाली होते की एका फळीकडून दुसरीकडे बदलते, ते पाहायचं. पहिली बहुधा करवतीची, दुसरी बहुधा यंत्र मापावर नीट थांबत नसल्याची. शिकाऊ मुलाने हा वाद गप्प राहून ऐकावा. दोन जाणकार माणसं एकमेकांना खोडायचा प्रयत्न करत असतात तेव्हा यंत्राचं जेवढं कळतं, तेवढं वर्गात कळत नाही.

स्कॅनर आणि संगणक आल्यावर मिलराइटचं महत्त्व कमी होईल असं काहींना वाटलं होतं. उलट झालं. संगणक ओंडका कुठून कापायचा हे इंचाच्या हजाराव्या भागापर्यंत सांगतो, पण ओंडका त्या जागी धरून ठेवायचं काम पोलादी रोलर, पिना आणि बुश करतात. पाव मिलिमीटर झिजलेलं बुश त्या सगळ्या गणितावर पाणी फिरवतं. शिवाय चूक सगळीकडे थोडी थोडी पसरते, म्हणून ती चटकन डोळ्यात भरत नाही. हल्लीच्या शिकाऊ मुलाला म्हणूनच डायल गेज लावता यावा लागतो, लेसरने शाफ्ट सरळ रेषेत आणता यावा लागतो, आणि स्क्रीनवरचा आलेख वाचून कोणता सिलिंडर उशिरा पोचतोय हेही ओळखता यावं लागतं.

आता या प्रकरणातला सर्वांत कठीण भाग.

ब्रिटिश कोलंबियात नव्वदीच्या दशकाच्या अखेरीपासून पाईनच्या जंगलांवर एका छोट्या भुंग्याची साथ आली. माउंटन पाईन बीटल हा तांदळाच्या दाण्याएवढा कीटक सालीखाली घर करतो आणि आपल्याबरोबर आणलेल्या बुरशीच्या मदतीने झाडाचं पाणी तोडतो. पूर्वी कडाक्याच्या थंडीत त्याच्या अळ्या मरत. हिवाळे सौम्य होत गेले आणि साथ सुमारे १ कोटी ८० लाख हेक्टरांवर पसरली. मेलेली झाडं उभ्या उभ्या वाळली. ती लवकर तोडून कापणं भाग होतं, म्हणून गिरण्यांनी वर्षानुवर्षं हेच कोरडं लाकूड कापलं. कोरड्या लाकडाचा भुसा बारीक असतो, हवेत जास्त वेळ तरंगतो, तुळयांवर, दिव्यांवर, केबलच्या पन्हळीत साचतो.

२० जानेवारी २०१२ च्या रात्री बर्न्स लेकजवळच्या बाबीन फॉरेस्ट प्रॉडक्ट्स या सॉमिलमध्ये स्फोट झाला. दोन कामगार मेले, वीस जखमी झाले. तीनच महिन्यांनी, २३ एप्रिलला, प्रिन्स जॉर्जमधली लेकलँड मिल्स तशीच उडाली. तिथेही दोन मृत्यू, बावीस जखमी. भुशाच्या स्फोटाची रीत ठरलेली आहे. जळणारा बारीक भुसा, हवा, ठिणगी, भुसा हवेत पसरलेला असणं आणि बंदिस्त जागा, ही पाच कारणं एकत्र यावी लागतात. पहिला भडका लहान असतो. त्याच्या धक्क्याने तुळयांवर साचलेला भुसा झटकला जाऊन हवेत येतो आणि दुसरा भडका इमारत उडवतो.

वर्कसेफबीसी या प्रांतीय संस्थेने तपास केला. ज्या दोन ठिकाणांहून आग सुरू झाली असावी असं निष्पन्न झालं, ती मिलराइटच्या रोजच्या फेरीतली होती: कन्व्हेयर चालवणाऱ्या मोटर आणि गिअरबॉक्सचा परिसर, जिथे घर्षणाने एखादा भाग तापतो. बाबीनमध्ये व्ही-बेल्टच्या बंदिस्त कव्हरमधलं घर्षण, लेकलँडमध्ये गिअरबॉक्स थंड ठेवणाऱ्या पंख्याजवळचं. हे वाचताना मला दरवेळी थांबावं लागतं. व्ही-बेल्ट आणि गिअरबॉक्सचा पंखा या शिकाऊ उमेदवाराला पहिल्याच वर्षी दिल्या जाणाऱ्या गोष्टी आहेत. बेल्टचा ताण बघ, कव्हर आतून झाड, पंखा फिरतोय ना बघ. असं ‘फालतू’ वाटणारं काम.

दोष एका मेकॅनिकच्या माथी मारावा असं यात काहीही नाही. अपुरी धूळओढ यंत्रणा, वाढवलेलं उत्पादन, कडाक्याची कोरडी थंडी, बदललेलं लाकूड, आणि भुसा म्हणजे आगीचा धोका, स्फोटाचा नव्हे, अशी संपूर्ण उद्योगाची समजूत, हे सगळं त्यात होतं. त्यानंतर नियम कडक झाले. भुसा झाडणं हे फक्त सफाई कामगाराचं काम राहिलं नाही. ते यंत्राच्या देखभालीचा भाग बनलं. आज त्या भागातल्या गिरणीत शिकायला जाणारा मुलगा उष्णता मोजणारी बंदूक घेऊन बेअरिंग आणि गिअरबॉक्सच्या तापमानाची नोंद ठेवायला शिकतो. काल ५५ अंश होतं आणि आज ७० आहे, ही बातमी आहे. आकडा एकटा काही सांगत नाही, त्यातला बदल सांगतो. म्हणून वही रोज लिहावी लागते, काही बिघडलेलं नसलं तरीही.

या गिरण्यांशी भारताचं नातं जुनं आहे. १९०० नंतरच्या दशकात पंजाबातून काही हजार माणसं ब्रिटिश कोलंबियात उतरली आणि त्यातली अनेक लाकडाच्या कामात शिरली. अ‍ॅबट्सफर्डमधला १९११ चा गुरुद्वारा सॉमिलच्या शीख कामगारांनी गिरणीतलं लाकूड खांद्यावरून वाहून आणून बांधला. तो आजही उभा आहे. व्हँकुव्हर बेटावर मेयो सिंग यांनी स्वतःची सॉमिल काढली आणि तिच्याभोवती वसलेल्या गावाला आपल्या होशियारपूर जिल्ह्यातल्या गावाचं, पालदीचं, नाव मिळालं. पण ही अपवादाची कथा आहे. त्या काळी भारतीयांना गोऱ्या कामगारांपेक्षा कमी मजुरी मिळे, १९०७ ते १९४७ त्यांना मतदानाचा हक्क नव्हता, आणि ओल्या फळ्या ओढायचं कष्टाचं काम त्यांच्या वाट्याला येई, हुन्नराचं क्वचितच. आज त्याच प्रांतात पंजाबी आडनावांचे मिलराइट उस्ताद म्हणून नव्या मुलांना शिकवतात. या बदलाला दोन-तीन पिढ्या लागल्या.

आपल्याकडची तुलना टाळता येत नाही. बल्लारशाह, आलापल्लीचं सागवान देशभर जातं आणि विदर्भातल्या सॉमिलमध्ये पट्टी आरा चालवणारे, दुरुस्त करणारे हातही तितकेच तयार आहेत. आयटीआयमध्ये दोन वर्षांचा फिटरचा अभ्यासक्रम आहे, १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा आहे. मात्र आपला शिकाऊ उमेदवार विद्यावेतनावर असतो, वर्ष संपलं की अनेकदा बाहेर पडतो, आणि ज्या उस्तादाच्या हाताखाली तो शिकला त्याने काय शिकवलं याची नोंद राहत नाही. लहान सॉमिलमध्ये तर मालकाचा एक माणूस सगळं बघतो आणि त्याच्या माहितीला कुठेही कागद नाही. कौशल्य कमी नाही. ते मोजायची, लिहायची आणि त्याप्रमाणे पगार द्यायची रीत कमी आहे. फिटर म्हणजे कमी शिकलेला, ही घराघरातली समजूतही तितकीच जुनी आहे आणि ती चुकीची आहे.

ब्रिटिश कोलंबियातल्या गिरण्यांचे दिवसही बदलले आहेत. भुंग्याने मारलेलं लाकूड संपत आलं, नवं जंगल तोडीला यायला अनेक वर्षं आहेत, अमेरिकेने लाकडावर आयातशुल्क लादलं आहे, आणि गेल्या काही वर्षांत ह्यूस्टन, व्हँडरहूफ, बेअर लेक इथल्या गिरण्यांना टाळं लागलं. गावं त्यातून सावरलेली नाहीत. मिलराइट मात्र त्यातल्या त्यात लवकर उभा राहतो. बेअरिंग, साखळी, हायड्रॉलिक आणि शाफ्टची सरळ रेष सगळीकडे सारखीच असते, म्हणून रेड सील हातात असलेला माणूस सस्कॅचेवानच्या पोटॅश खाणीत किंवा किनाऱ्यावरच्या बंदरात नव्याने उमेदवारी न करता कामाला लागू शकतो.

परदेशी जाऊ पाहणाऱ्या मराठी फिटरांसाठी यात एक उपयोगाची गोष्ट आहे. बाहेर मिळवलेला अनुभव सिद्ध करून थेट परीक्षेला बसायची वाट ब्रिटिश कोलंबियात उपलब्ध आहे, पण अनुभव कागदावर लागतो. तेव्हा आज जिथे काम करता तिथूनच मालकाच्या सहीचं पत्र घ्यायला सुरुवात करा, आणि त्यात तारखा, कामाचे तास, कोणती यंत्रं हाताळली आणि कोणती कामं स्वतः केली, हे सविस्तर लिहून घ्या.